लाइन गेली तरी अडणार नाही असा संगणक

पीक विमा भरण्याचे शेवटचे दोन दिवस उरलेले असावेत, दुकानात बारा-पंधरा माणसे उभी असावीत, एका शेतकऱ्याचा अर्धा अर्ज पोर्टलवर भरून झालेला असावा आणि नेमकी तेव्हाच वीज जावी, हा प्रसंग यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजी तालुक्यात इतका नेहमीचा आहे की त्याचे आता कुणाला नवल वाटत नाही. समोरचा माणूस एवढेच विचारतो, "काहो भाऊ, लाइन गेली, आता माह्या फारमाचं का होईन?" सेवा केंद्र चालवताना मला सॉफ्टवेअर निवडायला खरे तर याच प्रश्नाने शिकवले. कोणतेही नवे साधन संगणकावर घेण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो: वीज किंवा नेटवर्क गेल्यावर झालेले काम कुठे राहते, आणि तेच काम उद्या दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे उघडते का. या दोन कसोट्यांना जी साधने उतरली, ती बसवण्याची आणि वापरण्याची रीत पुढे दिली आहे. नव्याने येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाकडेही त्याच नजरेने पाहिले आहे. चोवीस तास वीज आणि फायबर असलेल्या शहरातल्या माणसाची यादी कदाचित वेगळी निघेल.

वीज आणि डेटा यांची आधी सोय

डेस्कटॉप संगणक असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस ही पहिली खरेदी समजावी. वीज गेल्यावर तो आपल्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे देतो आणि ती हातातले काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतात, पुढचा अर्ज सुरू करण्यासाठी नसतात. ऑफिसच्या कामासाठी मी लिब्रेऑफिस वापरतो. ते मोफत आहे, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे होऊन ते सुरू झाले आणि ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था ते सांभाळते. ते बसवल्यावर लगेच ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडावे, तेथे ‘लोड-सेव्ह’ आणि त्याखालील ‘जनरल’ या पानावर जावे आणि आपोआप जतन होण्याची वेळ बदलावी. मूळची वेळ दहा मिनिटांची असते. ती दोन मिनिटे करावी. हे मला एका ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची यादी टंकताना कळले: सत्तावीस घरांच्या नोंदी, मालकांची नावे, क्षेत्रफळ आणि कराची रक्कम यांसह, दहा मिनिटे पुरी होण्याच्या आतच नाहीशा झाल्या आणि त्या दिवशी यूपीएसची बॅटरी बदलायची राहिलेली होती, हेही त्याच वेळी ध्यानात आले.

पोर्टलवरचे अर्ज मात्र लिब्रेऑफिसच्या हाती नसतात. पान बंद झाले की त्यात भरलेले बहुधा जाते. त्यामुळे अर्जदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी ही माहिती आधी एका तक्त्यात भरून घ्यावी आणि तेथून पोर्टलवर चिकटवावी. वेळ दुप्पट लागेल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण रांगेतल्या माणसांची माहिती वीज नसतानाही लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर भरून ठेवता येते आणि सर्व्हर चालू होताच एकामागून एक अर्ज पुढे जातात. हंगाम संपल्यावर तो तक्ता पुसून टाकावा किंवा पासवर्ड लावून ठेवावा. लोकांचे खाते क्रमांक टेबलावरच्या संगणकात वर्षभर उघडे पडलेले असणे बरे नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवत असाल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे. नाहीतर दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळी नऊच्या आत विंडोजचे अपडेट खाऊन टाकते आणि दिवसभर माणूस नेटवर्कला दोष देत बसतो. शाळेच्या संगणक कक्षात आठ-दहा यंत्रे असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये स्थानिक जाळ्यातील इतर संगणकांकडून अपडेट घेण्याची मुभा द्यावी, म्हणजे एका यंत्राने उतरवलेले तुकडे बाकीच्यांना मिळतात. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरातरोधक बसवणे हाही डेटा वाचवण्याचाच उपाय आहे. फायरफॉक्सवर ते पूर्ण स्वरूपात चालते. क्रोमने जुन्या पद्धतीच्या विस्तारांचा (एक्स्टेंशनचा) आधार काढून घेतल्यामुळे तेथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते.

मराठी मजकूर: या विषयावर थोडे थांबावे लागेल

आपल्याकडचे सर्वांत जास्त काम वाया जाते ते फॉन्टमुळे. कृतिदेव, शिवाजी, सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, आणि फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीची चित्रे चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की चित्रे उतरतात आणि खालची खिचडी दिसते. एकदा ठरावाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन गावचे सदस्य जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेले, तेथे फॉन्ट नव्हता, आणि साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा फुकट गेला. शिवाय अशा मजकुरात ‘यवतमाळ’ शोधले तर सापडत नाही, नावांची यादी अकारविल्हे लागत नाही आणि भाषांतराच्या किंवा वाचून दाखवण्याच्या कुठल्याही नव्या साधनाला त्याचा उपयोग होत नाही.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र स्थाने राखलेली आहेत, आणि प्रत्येक अक्षराला, मात्रेला व हलन्ताला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून ‘क’ हा कुठल्याही संगणकावर ‘क’च राहतो. विंडोज ११ मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली भाषा आणि प्रदेशाच्या पानावर मराठी जोडावी, तिच्या पर्यायांत जाऊन कळफलक निवडावा, आणि पुढे विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. कळफलक दोन प्रकारचे दिसतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी उच्चाराने लिहिता येते, ज्यांना महिन्याकाठी दोन अर्ज टंकायचे आहेत त्यांनी तो घ्यावा. रोज चार पाने टंकणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्ट शिकावे, असे माझे ठाम मत आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेली ही मांडणी मुळाक्षरांच्या शास्त्रावर बेतलेली आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, आणि अनेक कळींवर अल्पप्राण साध्या दाबाने व महाप्राण शिफ्टने, म्हणजे ज्या कळीवर ‘क’ तिच्यावरच ‘ख’.

उदाहरणादाखल ‘यवतमाळ’ लिहून पाहावे. तिरप्या रेघेची कळ दाबली की ‘य’, बी दाबली की ‘व’, एल म्हणजे ‘त’, सी म्हणजे ‘म’, ई म्हणजे काना, आणि शिफ्ट धरून एन म्हणजे ‘ळ’. सहा ठोक्यांत शब्द पुरा होतो. ‘शेतकऱ्यांना’ हा आपल्याकडचा रोजचा शब्द मात्र निम्म्या अर्जांत चुकलेला दिसतो, कारण तेथे साधा ‘र’ घेतला की रफार तयार होतो आणि शब्द ‘शेतकर्यांना’ असा उमटतो. त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो, जो शिफ्टसह जे दाबल्यावर येतो. त्यानंतर डी दाबून हलन्त द्यावा आणि तिरप्या रेघेने ‘य’ जोडावा, की ‘ऱ्य’ नीट बसतो. दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, सगळे याच तीन ठोक्यांनी येतात. सरावाला पंधरा दिवस लागतात. ज्यांची बोटे टंकलेखनाच्या परीक्षेमुळे रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेली आहेत, त्यांनी ती सवय मोडू नये. युनिकोडमध्येच रेमिंग्टनची मांडणी देणारी इनपुट साधने मिळतात.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरके उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट असते, तो युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी येतो. त्यामुळे रूपांतरानंतर ‘स्थिती’, ‘आर्थिक’, ‘निर्णय’, ‘कार्यकर्त्यांची’ असे जोडाक्षरे, वेलांट्या व रफार एकत्र आलेले शब्द आधी तपासावेत. तेथे चूक नसेल तर बाकीचा मजकूर बहुधा बरा निघतो. तक्त्यात रकमा भरताना कळफलक इंग्रजीवर घ्यावा. देवनागरी अंकांना तक्त्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा मजकूर समजते आणि मग बेरीज शून्य दाखवते, आणि समोर सरपंच बसलेले असताना ते शून्य समजावून सांगणे अवघड जाते.

फॉन्ट कोणता घ्यावा, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बालू, किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी, हे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयाने ठरवलेली मराठी वळणाची ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हवी असतील तर दस्तऐवजाची भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवावी. नोटोसारखा फॉन्ट त्यावरून आपले वळण बदलतो. फाइल बाहेर पाठवायची असेल, तर शेवटची प्रत लिब्रेऑफिसमधूनच पीडीएफ करून पाठवावी.

दोनशे केबीच्या आत

पोर्टलवर सातबारा, आधार, पासबुक आणि फोटो जोडताना ‘फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे’ हे वाक्य दिवसातून किती वेळा दिसते याची गणती नाही. यावरचा रूढ उपाय म्हणजे नेटवर ‘पीडीएफ लहान करा’ असे शोधून पहिल्या सापडलेल्या संकेतस्थळावर परक्याचे आधार कार्ड चढवणे. हे करू नये. ते कार्ड कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर किती दिवस राहणार, हे आपल्याला ठाऊक नसते.

स्कॅन करतानाच आकार आटोक्यात ठेवणे हा खरा मार्ग आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८ बिंदू तयार होतात. तेच १५० डीपीआयने केले की १२४० गुणिले १७५४, म्हणजे बिंदू एक-चतुर्थांश होतात, आणि छापील मजकूर तरीही स्वच्छ वाचता येतो. रंगाची गरज नसेल तर ग्रेस्केल (करड्या छटा) निवडावे. यासाठी नॅप्स-२ हे छोटे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे: स्कॅनरवरून पाने घ्या, वाकडे आलेले सरळ करा, पानांचा क्रम लावा आणि एकच पीडीएफ जतन करा, हे सगळे नेटशिवाय होते. त्यातच टेसरॅक्ट या अक्षरओळख प्रणालीची मराठी फाइल एकदा उतरवून घेतली की स्कॅन केलेल्या छापील मराठी पानातील शब्दही शोधता येतात. टेसरॅक्टची सुरुवात १९८५ च्या सुमारास एचपीच्या प्रयोगशाळेत झाली आणि २००५ मध्ये ती मुक्त झाली; हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफारांवर मात्र तिच्याकडून आशा ठेवू नये. तयार पीडीएफ जोडणे, तोडणे किंवा लहान करणे असेल तर पीडीएफ-२४ चे संगणकावर बसणारे सॉफ्टवेअर घ्यावे, संकेतस्थळ नको. फोटोसाठी विंडोजचा साधा पेंटसुद्धा पुरतो. ‘रिसाइझ’मध्ये रुंदी पाच-सहाशे बिंदूंवर आणली की तीन एमबीचा फोटो शंभर केबीच्या आसपास येतो.

महाभूमी या शासनाच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून उतरवलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मात्र छापून पुन्हा स्कॅन करू नये, कारण स्वाक्षरी त्या मूळ पीडीएफमध्ये असते आणि स्कॅनमध्ये उरते ते केवळ तिचे चित्र. मूळ फाइलच जोडावी. डिजिलॉकरवर २०१५ पासून मिळणाऱ्या कागदपत्रांचेही तेच आहे, पण लोक त्याचीसुद्धा रंगीत झेरॉक्स मागतात.

जुना संगणक टाकून देण्याआधी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमित आधार देणे थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट घेता येतात, तेवढे तरी लगेच करून घ्यावे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळांतले आणि ग्रामपंचायतींतले पुष्कळ संगणक त्या उंबऱ्यावरच अडतात. अशा यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकावी, आणि त्यावर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी. ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असल्यास समाधानाने चालते, आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे.

तिची फाइल सुमारे तीन जीबीची असते आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाला ती एका दमात मिळत नाही. येथे टॉरेंट कामास येते. टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, अशी समजूत आहे, पण मिंटचे निर्माते स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत टॉरेंट देतात. क्यूबिटटॉरेंट या मोफत साधनात ती लहानशी टॉरेंट फाइल उघडली की मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकडा तपासला जातो, आणि मध्येच वीज गेली तरी झालेले तुकडे शाबूत राहतात. आज रात्री अर्धी, उद्या रात्री अर्धी. साध्या मार्गाने उतरवली असेल तर सेव्हन-झिप बसवून फाइलवर उजवी कळ दाबावी, ‘सीआरसी एसएचए’खाली एसएचए-२५६ (फाइल बिनचूक उतरली का हे सांगणारी तपासणी-संख्या) निवडावे आणि आलेली संख्या मिंटच्या पानावरील संख्येशी जुळवून पाहावी. मग रूफस किंवा व्हेंटॉय या साधनाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती चढवावी. पेन ड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करून पाहता येते, काही न पुसता; पडदा, वाय-फाय आणि प्रिंटर चालतो असे दिसल्यावरच पुढे जावे.

सेवा केंद्राच्या मुख्य यंत्रावर मात्र हा प्रयोग करू नये. आधारच्या बोटठशांची यंत्रे चालवणारी सॉफ्टवेअरे बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात, आणि सकाळी अकरा वाजता अंगठा उमटत नाही म्हणून उभ्या असलेल्या आजीबाईला मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व पटवता येत नाही.

नेटवर्कशिवाय देवाणघेवाण

मोबाइलमधला फोटो शेजारच्याच संगणकावर घेण्यासाठी तो व्हॉट्सॲपवर पाठवून पुन्हा उतरवणे म्हणजे दोनदा डेटा खर्च करणे होय, आणि त्यात फोटोचा दर्जाही उतरतो. लोकलसेंड हे मोफत साधन दोन्हीकडे बसवावे. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडला, आणि फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवला, तरी फाइल एकाकडून दुसऱ्याकडे थेट जाते. शाळेसाठी किविक्सची शिफारस करतो. २००७ पासूनच्या या प्रकल्पात अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधलेला मिळतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या आसपास जातो; १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्या मानाने फारच आटोपशीर आहे आणि पेन ड्राइव्हवर मावतो. तालुक्याच्या ठिकाणी चांगले नेट असेल तेथे उतरवून गावी न्यावा.

बॅकअपसाठी फ्रीफाइलसिंकने दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, आणि ती डिस्क संगणकाच्या टेबलाच्या खणात न ठेवता घरी ठेवावी. पासवर्ड वहीत लिहिण्याऐवजी कीपासएक्ससीमध्ये ठेवावेत. तो एकाच कुलूपबंद फाइलमध्ये सर्व साठवतो आणि त्याला नेट लागत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता किंवा वाहनाचे चलान अशा नावाने येणारी एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) उघडू नये, आणि उघडली गेलीच असेल व पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

कृत्रिम बुद्धिमत्ता: कुठे टेकू घ्यावा, कुठे घेऊ नये

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून दुकानात येणारी महाविद्यालयीन मुले अर्जाचा मसुदा त्याच्याकडून करून आणतात. मसुद्यापुरते ते चांगलेच आहे. इंग्रजीतील एखादी योजना समजावून घेणे, लांबलचक परिपत्रकाचा आशय काढणे, तक्त्यातील सूत्र का चुकते ते विचारणे, यासाठी मीही वापरतो. भाषांतरासाठी केंद्र शासनाची भाषिणी, आणि मद्रास आयआयटीच्या एआय-फॉर-भारतने केलेली, घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांची इंडिकट्रान्स-२ ही प्रणाली, हे मुद्दाम भारतीय भाषांसाठी झालेले काम आहे. क्रोममध्ये गूगल डॉक्सचे बोलून टंकणे मराठीत बरे चालते, फक्त बोलणाऱ्याने प्रमाण मराठी बोलावे लागते. आमच्या "तो जाऊन रायला" या वाक्याचे त्याने जे केले, ते पाहून दुकानातले सगळे हसले.

नेटशिवाय आपल्याच संगणकावर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपेही (मॉडेल) आता मिळतात. ती चालवणारे ओलामा हे साधन बसवून गूगलचे जेमा-३ हे चार अब्ज घटकांचे प्रारूप एकदा उतरवले की सुमारे सव्वातीन जीबी जागा जाते, आणि पुढे ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ते नेट बंद असतानाही उत्तरे देते. उत्तरे सावकाश येतात आणि मराठी ठीकठाक असते, पण लोकांची माहिती दुकानाबाहेर जात नाही, हा फायदा मला मोठा वाटतो.

न घ्यायचा टेकू म्हणजे आकडे आणि आधार. एका चॅटबॉटने मला एका योजनेच्या शासन निर्णयाचा क्रमांक इतक्या विश्वासाने दिला की मी तो अर्जात लिहिणारच होतो. शासनाच्या संकेतस्थळावर शोधला तेव्हा तसा निर्णय नव्हताच. शासन निर्णयावरील लांब संकेतांकाची सुरुवात साधारणपणे वर्ष, महिना आणि दिवस अशी होते. चॅटबॉटच्या क्रमांकात तेराव्या महिन्याची तारीख निघाली. तेव्हापासून निर्णयाची मूळ पीडीएफ हाती आल्याशिवाय मी क्रमांक लिहीत नाही.

फवारणीचे प्रमाण तर अशा साधनाला विचारूच नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे आपल्या भागात कुणी विसरलेले नाही. औषधाच्या डब्यावरचे लेबल, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, जवळचे कृषी विज्ञान केंद्र, किंवा १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा मोफत क्रमांक, यांपैकी कुणाला तरी विचारावे. कापसाच्या हमीभाव खरेदीसाठी २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक केली, तेव्हाही तारखांबद्दल चॅटबॉटांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. ॲपमधली तारीखच ग्राह्य धरावी लागली.

आकाशातून येणारे नेट

मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले, २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर टाकला जात आहे. ग्रामपंचायतीत फायबर आलेला असेल तर घरापर्यंतची जोडणी मागावी. जमिनीतला तंतू मोबाइल टॉवरपेक्षा आणि उपग्रहापेक्षा स्वस्त आणि स्थिर पडतो. फायबरची केबल खोदकामात तुटते, हे खरे आहे, पण ती जोडताही येते.

फायबर जेथे पोहोचणे कठीण, तेथे उपग्रहाचा विचार येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीबरोबर इरादापत्र केले आणि त्यात गडचिरोली व वाशीम या विदर्भातील दोन जिल्ह्यांची नावे होती. जुने उपग्रह इंटरनेट पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवरील उपग्रहावरून येई. मागणी वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे, असा सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाच्या जवळ जातो, म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघेही एकदम बोलू लागतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब जवळजवळ जाणवत नाही. मात्र ते स्थिर नसतात, डोक्यावरून सरकत जातात, आणि डिशला मोकळे आकाश लागते. सागाच्या किंवा मोहाच्या झाडाखालच्या घराला गच्चीवर किंवा खांबावर ती उंच लावावी लागेल.

आणि डिशलाही वीज लागते. तिच्या नेहमीच्या संचाला ७५ ते १०० वॅट लागतात. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे हिशेबाने ८४ वॅट-अवर (८४ वॅटचा भार तासभर). डिश आणि संगणक मिळून पावणेदोनशे वॅटच्या आसपास गेले, तर कागदावर अर्धा तास आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी वेळ मिळतो. त्यामुळे सेवा आपल्या भागात सुरू झाली आणि डिश घ्यायची ठरवली, तर आधी घरचा इन्व्हर्टर उघडून पाहावा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तिच्यात १८०० वॅट-अवर असतात. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरून एवढ्या भारावर पाच-सहा तास निघतात, पंखा आणि दिवे त्याच इन्व्हर्टरवर नसतील तर.